घर गार कसं राहील? घर बांधणाऱ्यांचे आणि बदलणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरांचे नकाशे काढणं हे माझं काम. होळीच्या आसपास फोन आणि पत्रं वाढू लागतात आणि बहुतेकांत तेच ते प्रश्न असतात. ते इथे एकत्र केले आहेत, साधे आधी आणि अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्याच्या हवेसाठी आहेत. विदर्भातलं कोरडं ऊन आणि कोकणातला दमट उकाडा यांना एकच औषध लागू पडत नाही, त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

१. संध्याकाळी बाहेर गार वारा सुटतो, पण आमच्या घरात रात्री अकरालाही भिंती तापलेल्याच असतात. असं का?

भिंतीवर पडलेलं ऊन लगेच आत येत नाही, ते भिंतीतून हळूहळू झिरपतं. नऊ इंची विटेच्या भिंतीला त्यासाठी साधारण सहा ते आठ तास लागतात. म्हणजे दुपारी तीनला पश्चिमेच्या भिंतीने घेतलेली उष्णता रात्री दहा-अकराला तुमच्या पलंगाशी पोचते. वर स्लॅबही दिवसभर तापलेला असतो. अशा वेळी खोलीतली हवा थोडी निवली तरी भिंत आणि छत अंगावर धग फेकत राहतात, म्हणून पंख्याखालीही घाम येतो.

यावरून उपायांचा क्रम ठरतो. आधी ऊन भिंतीपर्यंत पोचू द्यायचं नाही, मग तापलेली हवा बाहेर काढायची, आणि त्यातूनही उरलं तर यंत्र लावायचं. बहुतेक लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि दरमहा त्याचे पैसे मोजतात.

२. प्लॉट घेतला आहे. नकाशा काढायला देण्याआधी घरच्यांनी काय ठरवावं?

किती बेडरूम हे नंतर. आधी कागदावर लिहा: एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता घरात कोण असतं आणि कुठे असतं? बहुतेक घरांत उत्तर येतं ते असं: आजी-आजोबा, सुटी लागलेली मुलं आणि स्वयंपाकघरात कोणीतरी. घरातला सगळ्यात गार कोपरा त्यांचा असायला हवा.

होतं उलटं. वाऱ्याची, उजेडाची बाजू दिवाणखान्याला जाते, जिथे महिन्यातून दोनदा पाहुणे बसतात, आणि मावळतीचा कोपरा उरतो तो स्वयंपाकघराला नाहीतर आईच्या खोलीला. सुरुवातीच्या काळात मीही एका घराचं स्वयंपाकघर नैर्ऋत्येला टाकलं होतं. वर्षभराने तिथे गेलो, तेव्हा त्या घरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की उन्हाळाभर त्या दोन्ही वेळच्या पोळ्या पहाटेच करून ठेवतात. तेव्हापासून मी हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारतो.

त्याच कागदावर आणखी काही गोष्टी लिहा. पावसाळ्यात कपडे कुठे वाळणार? रात्रपाळी करून आलेलं माणूस दिवसा कुठे झोपणार? पापड-कुरडयांचं वाळवण कुठे? संध्याकाळी कोणाला दारात बसायला आवडतं? या गोष्टी नकाशात नंतर घुसडता येत नाहीत.

३. घराचं तोंड कोणत्या दिशेला असावं? वास्तूप्रमाणे केलं तर उन्हाचं गणित बिघडतं का?

दार कुठे आहे यापेक्षा घराची लांब बाजू कुठे आहे हे महत्त्वाचं. लांब भिंती उत्तर-दक्षिणेला आणि आखूड भिंती पूर्व-पश्चिमेला असतील तर निम्मं काम झालं. दक्षिणेचं ऊन उंचावरून येतं, ते छज्जाने अडतं. पूर्व-पश्चिमेचं ऊन तिरपं, खिडकीतून सरळ आत घुसणारं असतं.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. तिथून पुढचे काही आठवडे माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला कललेला असतो. त्यामुळे ‘उत्तरेला ऊन नसतंच’ हे पुस्तकी वाक्य आपल्याकडे पूर्ण खरं नाही. उत्तरेच्या खिडकीलाही छोटा छज्जा हवाच.

वास्तूबद्दल मी कोणाशी वाद घालत नाही. आग्नेयेचं स्वयंपाकघर उन्हाच्या हिशेबानेही चांगलं पडतं, कारण तिथलं ऊन सकाळीच सरतं. अडचण येते ती नैर्ऋत्येच्या मुख्य बेडरूमची, कारण तो कोपरा दुपारभर तापतो. खोली तिथेच हवी असेल तर तिच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून पूर्ण लांबीची कपाटं लावा, नाहीतर बाथरूम आणि जिना त्या बाजूला काढा. धग ते झेलतील. बाहेरून काय करायचं ते प्रश्न ५ मध्ये आहे.

४. खिडकीवरचा छज्जा किती बाहेर काढायचा?

दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचा छज्जा पुण्या-मुंबईसाठी चांगला बसतो. हिशेब सोपा आहे. २१ मार्चला पुण्यात माध्यान्हीचा सूर्य साधारण ७१ अंश उंचीवर असतो. त्या वेळी दोन फुटांच्या छज्जाची सावली जवळजवळ सहा फूट खाली येते, म्हणजे अख्खी खिडकी झाकते. डिसेंबरअखेरीस सूर्य सुमारे ४८ अंशांवर उतरतो, सावली सव्वादोन फुटांपर्यंतच येते आणि खालच्या भागातून कोवळं ऊन आत येतं. थंडीत ते हवंच असतं. छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर पुढे न्या, म्हणजे तिरपं ऊन आणि पावसाची झड दोन्ही अडतील.

कोकणात हा हिशेब पाऊस ठरवतो. तिथे दोन फूट पुरत नाहीत, अडीच-तीन फुटांचा उतरता छज्जा किंवा पडवीच हवी.

५. पश्चिमेला छज्जा काढला, तरी दुपारी चारला ऊन थेट पलंगावर येतं. आता काय करू?

चार-पाच वाजताचा सूर्य इतका खाली असतो की छज्जा कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही. पश्चिमेला उभी आड हवी: उभ्या पट्ट्या, विटांची जाळी, बांबूचा चिक किंवा झाड. आड काचेच्या बाहेर असू द्या. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ते काच ओलांडून आलेलंच असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. शंभर-दीडशे रुपयांची हिरवी शेडनेट बाहेरून ताणली तरी महागड्या पडद्यापेक्षा जास्त काम करते.

झाड लावणार असाल तर नीट निवडा. बहावा सुंदर दिसतो, पण ऐन एप्रिल-मेमध्ये तो पानं टाकून फुलांवर असतो, म्हणजे सावली हवी तेव्हा नसते. कडुनिंब आणि करंज यांना तोवर नवी, गच्च पालवी आलेली असते. घराच्या पायापासून पंधरा-वीस फूट लांब लावा. जागा नसेल तर तारेच्या जाळीवर मधुमालती चढवा, दोन-तीन वर्षांत भिंत झाकते.

६. पश्चिमेला समुद्र आहे आणि वाराही तिकडूनच येतो. ती बाजू बंद कशी करू?

करू नका. मुंबई ते गोवा सगळ्या किनाऱ्यावर हा पेच आहे: वारा, देखावा, तापतं ऊन आणि नैर्ऋत्येचा पाऊस एकाच दिशेने येतात. जुन्या बंगल्यांनी याचं उत्तर भोवताली व्हरांडा घेऊन दिलं होतं. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी मुंबईत कंबाला हिलवर १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत तीच युक्ती उंच इमारतीत नेली. खोल्या आत सरकवून कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या गच्च्या ठेवल्या. ऊन-पाऊस गच्चीत थांबतो आणि वारा खोलीपर्यंत येतो.

तुमच्या फ्लॅटला पश्चिमेची बाल्कनी असेल तर ती काचेने बंद करून खोलीत घेण्याचा मोह टाळा. त्या चार फुटांनी तुमची खोली वाचवलेली असते.

७. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. स्लॅब तापतो. गच्चीवर काय करावं?

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची येतात, आणि ते बरोबरच आहे. उन्हाळ्यात दिवसभर सगळ्यात जास्त ऊन छतावर पडतं. वरच्या मजल्याच्या घरात निम्म्याहून जास्त त्रास छताचाच असतो.

पहिला उपाय रंगाचा. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, काळपट सिमेंट ते शोषतं. भर उन्हात दोन्हींच्या तापमानात १५-२० अंशांचा फरक सहज पडतो, खाली खोलीत तो दोन-तीन अंशांचा जाणवतो. चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून दोन हात दिले तर खर्च अगदी कमी, पण दर उन्हाळ्याआधी पुन्हा द्यावे लागतात. तयार उष्णतारोधक पांढरे रंग जास्त टिकतात. पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक सगळ्यात टिकाऊ. मात्र कोणताही पांढरा पृष्ठभाग धूळ साठली की काळवंडतो. मार्चमध्ये एकदा गच्ची घासून धुवा.

दुसरा उपाय उष्णतारोधक थराचा. उघडा सहा इंची स्लॅब किती उष्णता आत सोडतो ते मोजायचा एक आकडा आहे, यू-मूल्य. उघड्या स्लॅबचं ते तीनच्या वर जातं. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’त, म्हणजे राहत्या इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. स्लॅबवर ५० मिलिमीटरचा एक्सपीएस फोम टाकून वर कोबा केला तर हा आकडा ०.५ च्या आसपास येतो. थर स्लॅबच्या वर घाला. खाली घातला तर स्लॅब तापतच राहतो, तडकतो आणि गळू लागतो.

नुसता विटांच्या तुकड्यांचा कोबा मुळात पाण्याच्या उतारासाठी असतो. त्याने थोडा फरक पडतो, पण तो पुरेसा नाही. पालथी मडकी मांडून वर कोबा करण्याची जुनी पद्धत चांगली आहे, फक्त वजन वाढतं. जुन्या इमारतीत अभियंत्याला दाखवल्याशिवाय करू नका.

तिसरा उपाय सावलीचा. सोलर पॅनल बसवणार असाल तर ते झोपायच्या खोल्यांवर येतील असे बसवा (प्रश्न १६).

८. पीओपीचं फॉल्स सीलिंग केलं तर गरम कमी होईल ना?

थोडं. पण खोलीची उंची फूटभर कमी होते, पंखा डोक्याशी येतो आणि मधल्या पोकळीतली तापलेली हवा तिथेच कोंडून राहते. तेवढ्याच पैशांत गच्चीवर वरून काम करा. गच्ची तुमची नसेल, सोसायटी परवानगी देत नसेल, तरच सीलिंगचा विचार करा आणि मग पोकळीत थर्माकोलसारख्या पेटणाऱ्या वस्तूऐवजी रॉकवूल घाला.

९. आमचं घर पत्र्याचं आहे. स्लॅब टाकायची ऐपत नाही.

पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही हे मला ठाऊक आहे. स्लॅबची वाट पाहत बसू नका. पत्र्याला वरून पांढरा रंग द्या, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गुण देणारा उपाय आहे. पत्रा पातळ, म्हणून फरक त्याच दिवशी कळतो. नंतर पत्र्याखाली सात-आठ इंच सोडून बांबूच्या तट्ट्यांचं किंवा सिमेंट शीटचं छत करा. दोन्ही टोकांना भिंतीत झरोके ठेवले की मधली तापलेली हवा बाहेर निघून जाते. झरोक्यांशिवाय या छताचा निम्मा गुण जातो. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा गवत टाकतात, त्याने गार होतं, पण शेजारी चूल, वायरिंग किंवा फटाके असतील तर आगीचा धोका मोठा. मी ते सुचवत नाही.

१०. भिंती कशाच्या बांधाव्यात? लाल वीट, एएसी ब्लॉक की जांभा?

तुम्ही कुठे राहता यावर आहे.

नागपूर, अकोला, जळगावकडे उन्हाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात बारा-पंधरा अंशांचा फरक असतो. तिथे जाड, जड भिंत चालते: दिवसाची उष्णता ती पोटात घेते आणि रात्री खिडक्या उघडल्या की बाहेर टाकते. पांढऱ्या मातीच्या हातभर जाडीच्या भिंती आणि धाब्याची घरं याच तर्काने उभी होती. तुम्ही रात्री खिडक्या उघडणार नसाल, तर मात्र जड भिंत उलटी पडते.

कोकण-गोव्यात हा फरक पाच-सात अंशांचाच. तिथे भिंत रात्री निवत नाही, म्हणून जाडीपेक्षा सावली आणि वारा महत्त्वाचा. जांभा तिथला, जवळचा आणि चांगला दगड आहे. पावसाची झड लागते त्या बाजूला पडवी नसेल तर तो पाणी पितो, एवढं लक्षात ठेवा.

एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला सिमेंटचा ब्लॉक, हलका आणि विटेपेक्षा खूप जास्त उष्णतारोधक. दिवसभर एसी चालणाऱ्या घराला किंवा पश्चिमेच्या एका भिंतीला तो उत्तम. प्लास्टरला भेगा पडू नयेत म्हणून सांध्यांवर जाळी लावून घ्या. लाल विटेतच बांधायचं असेल तर रॅट ट्रॅप बाँड विचारा. केरळात वास्तुकार लॉरी बेकर यांनी ही रचना रुजवली. विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात. नऊ इंची भिंतीत जवळपास चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णता अडते. गवंड्याला सवय नसेल तर आधी कंपाउंडची भिंत त्या पद्धतीने बांधून घ्या.

११. गावचं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधायचं सगळ्यांच्या मनात आहे. मला एकट्यालाच वाईट वाटतंय.

तुम्ही एकटे नाही, दर महिन्याला असं एखादं पत्र येतंच. बाकीच्यांचं म्हणणंही समजून घ्या: कौलं शाकारायला माणसं मिळत नाहीत, माकडं उड्या मारतात, वाशांना वाळवी लागते. या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत.

पण कौलारू घर गार का, हे पाडण्याआधी समजून घ्या. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, खाली माळा उष्णता अडवतो, पडवी आणि ओटी भिंतीवर ऊन पडू देत नाहीत. सपाट स्लॅब यातलं एकही काम करत नाही, शिवाय कोकणच्या पावसात गळतो. मग पाच-सात वर्षांत त्याच्यावर पत्र्याची शेड येतेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हे दिसतं.

मधली वाट आहे. लाकडी वाशांऐवजी लोखंडी सांगाडा, त्यावर मंगलोरी कौलं, खाली सिमेंट शीट किंवा फळ्यांचा माळा. जांभ्याच्या भिंती चांगल्या असतील तर त्या ठेवा. माकडांचा त्रास असेल तर कौलांखाली पत्रा घालून वर कौलं बसवतात. वारा थोडा कमी होतो, पण पत्र्यावर सावली राहते. स्वच्छतागृह, मोठं स्वयंपाकघर, आजीसाठी न घसरणारी फरशी या नव्या गरजा मागच्या बाजूच्या जोडखोलीत भागवता येतात.

१२. खिडक्या किती मोठ्या हव्यात?

काच किती यापेक्षा उघडते किती ते मोजा. इको निवास संहिता सांगते की दमट हवेच्या भागात घराच्या चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, उघडणारी जागा असावी. विदर्भासारख्या संमिश्र हवेत १२.५ टक्के, म्हणजे आठवा हिस्सा. २०१८ ची संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी होती, पण आकडे लहान घरालाही वापरा.

१२० चौरस फुटांच्या खोलीला या हिशेबाने दमट भागात २० चौरस फूट उघडी जागा हवी. पाच बाय चारची सरकती खिडकी बसवली तर ती उघडते निम्मीच, दहा चौरस फूट. तीच खिडकी झडपांची असेल तर संहिता ९० टक्के उघडी धरते. बिल्डर सरकती देतात कारण ती स्वस्त पडते आणि ग्रिल लावायला सोपी. डासांची जाळी आणखी वारा अडवते, म्हणून जाळी लावणाऱ्याने खिडकी थोडी मोठीच ठेवावी.

१३. आमच्या फ्लॅटला एकाच बाजूला खिडक्या आहेत. वारा खेळतच नाही.

वाऱ्याला येण्याइतकीच जाण्याचीही वाट लागते. शक्य ते करा: खोलीच्या दारावर झरोका काढा किंवा दाराला वरच्या भागात लुव्हर (तिरप्या पट्ट्यांची जाळी) बसवा, आणि मुख्य दाराला आतून जाळीचं दार लावा म्हणजे जिन्याकडून हवा खेचली जाईल. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन रात्री अर्धा तास चालवला तर तोही खिडकीतून गार हवा आत ओढतो.

विदर्भ-मराठवाड्यात वेळ पाळा. सकाळी नऊला खिडक्या-पडदे बंद, सूर्य मावळल्यावर उघडे. दुपारी ४३ अंशांची हवा आत घेऊन काही साधत नाही. किनाऱ्यावर हा नियम लागू नाही. तिथे अंगावरचा वाराच घाम सुकवतो, खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा.

१४. कूलर घ्यावा की एसी?

नागपुरात मेच्या दुपारी हवा ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगला कूलर हवा २८-२९ अंशांपर्यंत आणतो. वाळ्याचे किंवा लाकडी तंतूंचे पॅड, खिडकीबाहेर सावलीत कूलर आणि हवा जायला समोरची खिडकी अर्धी उघडी, एवढं सांभाळलं तर एसीची गरज मोजक्या दिवसांपुरती उरते. समोरची खिडकी बंद करून कूलर चालवणारे बरेच आहेत. मग खोली चिकट होते आणि दोष कूलरला जातो.

रत्नागिरीत किंवा पणजीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तोच कूलर जेमतेम तीन-चार अंश उतरवेल आणि खोलीत दमटपणा भरेल. तिथे पंखे आणि गरजेपुरता एसी.

आधी पंख्याकडे बघा. जुना पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) २८ ते ३५ वॉटचा. रोज १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला सुमारे २०० युनिट वाचतात. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात. चार पंखे बदलून तुम्ही वरच्या टप्प्यातून खाली आलात तर बचत आणखी वाढते.

१५. एसी लावायचाच आहे. किती टनाचा, किती अंशांवर आणि बंद खोलीत झोपणं चांगलं का?

टन ठरवण्याआधी छत आणि पश्चिमेची भिंत नीट करा (प्रश्न ५ आणि ७). त्यानंतर १२० चौरस फुटांच्या खोलीला बहुतेक वेळा एक टन पुरतो. गरजेपेक्षा मोठा घेतला तर तो लवकर गार करून थांबतो, हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही.

१ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू होताना २४ अंशांवर असतात. मी २६ ठेवून मंद पंखा लावायला सांगतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. आणि माणसाला १८ अंश लागतही नाहीत. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत भारतीय माणसांच्या अनुभवावरून बेतलेलं प्रमाण आहे. बाहेरचं सरासरी तापमान ३० असेल तर खिडकी-पंख्यावर राहणाऱ्याला साधारण २९ अंश सुखाचे वाटतात.

बंद खोलीची शंका योग्य आहे. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. तिघं-चौघं रात्रभर बंद खोलीत झोपली की कार्बन डायऑक्साइड वाढतो, सकाळी डोकं जड वाटतं. खिडकीची बोटभर फट ठेवा किंवा मध्यरात्री एसी बंद होईल असा टायमर लावून दार उघडं ठेवा.

१६. सोलर पॅनल बसवले की बाकीच्या उपायांची गरज राहते का?

राहते. आधी गरज कमी करा, मग पॅनल मोजा. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवलं गेलं. घराची गरज पाच किलोवॅटवरून तीनवर आणली तर खिशातून जाणारा खर्च किती उतरतो ते बघा.

१७. स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. चिमणी बसवली तरी तसंच.

चिमणीची नळी बाहेर निघते का ते आधी पाहा. नळी नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी तेल आणि वास थोडा धरते. उष्णता, वाफ आणि गॅसचा धूर मात्र पुन्हा खोलीतच सोडते. नळी आखूड, कमीत कमी वळणांची ठेवा. हवा आत यायला ओट्याच्या समोरच्या बाजूला खिडकी किंवा दार उघडं हवं, नाहीतर चिमणी नुसता आवाज करते.

गॅस विझेल म्हणून पंखा लावत नाहीत. भिंतीवरचा पंखा शेगडीकडे न वळवता उभं राहणाऱ्याच्या पाठीवर येईल असा बसवला तर ज्योत हलत नाही. उकळणं, कुकर, चहा इंडक्शनवर नेला तरी ओट्याशी बराच फरक पडतो. स्वयंपाकघराची जागाच चुकली असेल तर प्रश्न २ वाचा आणि पुढच्या दुरुस्तीत जागा बदलण्याचा गंभीरपणे विचार करा. नळ आणि ड्रेनेज हलवता येतं.

१८. पावसाळ्यात कपाटाच्या मागे बुरशी येते. रंग बदलून पाहिला.

रंगाने झाकेल, जाणार नाही. ओल कुठून येते ते शोधा. भिंतीच्या तळाशी दोन-तीन फूट ओल असेल तर ती जोत्यातून चढते. खिडकीच्या कोपऱ्यांत असेल तर सिलला, म्हणजे खिडकीखालच्या फळीला, बाहेर उतार नाही. संपूर्ण भिंतीवर काळे ठिपके असतील तर तो बहुतेक वेळा घरातलाच दमटपणा: ओले कपडे, वाफ, बंद खिडक्या. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे घ्या. कपडे वाळवायला एक जागा ठरवा जिथे छज्जा आहे आणि एक्झॉस्ट फॅन आहे. तीच जागा नकाशात आधी ठेवली तर हा प्रश्न येतच नाही.

१९. आई-बाबा सत्तरीपुढचे आहेत. त्यांच्या खोलीसाठी वेगळं काय?

वयस्क शरीराला उष्णता उशिरा जाणवते आणि तहानही कमी लागते, म्हणून त्यांना ‘गरम होतंय का’ असं विचारून चालत नाही. खोलीत थर्मामीटर टांगा. खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेला नको. दार तीन फुटांचं, उंबरा नको, बाथरूमचं दार बाहेर उघडणारं, कमोडशेजारी पकडायला दांडा, रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा. पायऱ्यांऐवजी उतार करायचा असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. खिडकीची सिल दोन फुटांवर ठेवा म्हणजे पलंगावरून अंगण दिसतं. माझ्या मते हे दांड्याइतकंच गरजेचं आहे.

२०. छोट्या प्लॉटवर वाड्यासारखा चौक ठेवता येईल का?

चारी बाजूंना खोल्या असलेला चौक तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर जमत नाही. पण सहा बाय आठ फुटांची उघडी जागा जिन्याला लागून ठेवता येते. वरून गरम हवा निघून जाते, मधल्या खोल्यांना उजेड मिळतो. वर काचेचं किंवा पॉलिकार्बोनेटचं पक्कं झाकण मात्र लावू नका. पाऊस येतो म्हणून लोक ते लावतात आणि वाऱ्याची वाट बंद होऊन खाली भट्टी होते. झाकायचंच तर ते फूट-दीड फूट उचलून, चारी बाजू मोकळ्या ठेवून झाका.

२१. यातलं बरंच केलं, तरी एक खोली गरमच राहते. चूक कुठे शोधायची?

साधे दोन थर्मामीटर आणा. एक खोलीच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर टांगा, दुसरा बाहेर सावलीत. आठवडाभर सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहाला दोन्हींचे आकडे लिहा. त्याच वेळी प्रत्येक भिंतीला आणि शक्य असेल तर स्टुलावर चढून छताला तळहात लावा, आणि सगळ्यात गरम काय लागतं ते नोंदवा.

दुपारी तीनलाच आतला आकडा बाहेरच्याच्या वर गेला तर बहुधा ऊन काचेतून येतंय. दुपारी आत बाहेरपेक्षा कमी आणि रात्री दहाला तीन-चार अंश जास्त असेल तर भिंत किंवा छत साठवतंय, कोणतं ते तळहात सांगेल. रात्री भिंती गार लागत असूनही आकडा उतरत नसेल तर हवा बाहेर पडायला वाट नाही. मला लिहिताना ही वही आणि खोलीच्या चारी भिंतींच्या दिशा पाठवा, म्हणजे अंदाजाने सांगावं लागणार नाही.